धोंडुबाईचा उंदीर

आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात उंदीर करायचं काम धोंडुबाईचं. खाडीलगतच्या खारपाटातून लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा उंदीर लांब नाकाचा. मी त्याचे डोळे रंगवते, मला कधी काही वाटलं नाही. पण यंदा आमच्या मालकांची, हैबतशेठची मुलगी समीक्षा रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून आली आणि तिथंच माशी शिंकली.

खाडीकाठच्या एका मंडळाची मूर्ती होती. होडीत गणपती, होडीच्या टोकावर कुरव पक्षी, पायाशी उंदीर. समीक्षा वाकून बघते तर काय!

"मावशी, ही चिचुंद्री आहे."

"उंदीरच हाय गो."

"नाही. उंदीर कुरतडतो, ही किडे खाते. दोघं दूध पाजणारे, म्हणजे वर्ग एक, पण पुढं गण वेगळे. कुरव तर पक्षीच, अंडी घालणारा. कुरवात आणि चिचुंद्रीत सारखं एवढंच, की दोघांनाही नामशेष व्हायचा धोका नाही."

"मग धोका मला एकटीलाच व्हय?"

कारण शेठनं सगळं ऐकलं होतं. "आजपासून उंदीर साच्यातला. धोंडुबाई, तू माती मळ."

माती मळणं म्हणजे नवख्या पोरींचं काम! बाईचं तोंड एवढंसं झालं. मला समीक्षाचा अस्सा राग आला. खरं बोलावं, पण जरा इकडं तिकडं बघून बोलावं की नाही?

दुपारी त्या मंडळाचा कार्यकर्ता पोपट मूर्ती न्यायला आला. शेठ चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात धोंडुबाई मातीचे हात घेऊन पुढं.

"भाऊ, उंदीर काय सगळ्यांकडंच असतो. तुमाला खास चिचुंद्री दिलीय. इचारा या बायला, कॉलेजात शिकलीय."

पोपटनं समीक्षाकडं बघितलं. बिचारी काय बोलणार? खरंच होतं ते! तिनं मान हलवली. पोपट खूश. तिथंच फोटो काढून त्यानं सगळ्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळपर्यंत शेठचा फोन थांबेना. नागोठण्याचं मंडळ म्हणे, आम्हालाही चिचुंद्री. डोलवीचं म्हणे, आमची त्याहून मोठी. शेठ घाम पुसत आले.

"धोंडुबाई, साचा राहू दे. चिचुंद्र्या करायला घे."

बाई माती मळतच राहिली. वर बघितलंसुद्धा नाही.

"मला चिचुंद्री कुठं येते, शेठ? मी तर उंदीर करते."

शेठनं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्या माना खाली घालून कामात.

"बरं माझे आई," शेठ म्हणाले, "उंदीर कर."