शेजारच्या मुलीची साक्ष

पत्रकं वाटायचा एक नियम आहे. समोरच्याच्या हाताकडे बघायचं नाही, डोळ्यांत बघायचं. हाताकडे बघितलं की तो हात खिशात जातो. सातव्या वर्षी पप्पांनी मला हे कुंभकोणमच्या बसस्टँडवर शिकवलं. लोक तरीही ‘वेण्डाम’ म्हणायचे. नको. तेही आमच्याकडे न बघता. दिवसातून शंभरदा ऐकून तो शब्द माझ्यासाठी माशीसारखा झाला होता. बसला, उडाला.

आम्ही नगर जिल्ह्यातले. तिथल्या चर्चच्या मंडळीने पप्पांना सेवेसाठी इकडे पाठवलं. आपलाच देश, पण मंडळीच्या लेखी तो परदेशच होता. तिथल्या बायका फोनवर आईला विचारायच्या, “तिकडे गहू मिळतो का गं?” कुंभकोणममधल्या मेलकावेरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात खाटांखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि तमिळ वाचायला मी त्यांवरूनच शिकले. पाप, पश्चात्ताप, प्रार्थना आणि शेवटी पत्ता, सगळं चार पानांत. मीही अजून तसंच लिहिते, आडवळणं जमत नाहीत. म्हणून सरळ सांगते. अकरा वर्षांची असताना मी एक खोटं बोलले आणि माझ्या वडिलांनी ते छापलं.

दर शनिवारी दिवेलागणीला घरात साक्ष होई. या आठवड्यात प्रभूविषयी कुणाला सांगितलं, ते प्रत्येकाने सांगायचं. धाकट्या बहिणीला कधीच अडचण यायची नाही. ती इडलीवालीला सांगे, फुलवालीला सांगे, एकदा तर म्हशीला सांगितलं म्हणाली आणि पप्पा हसले. मला जमत नसे. पप्पांनी कधी हात उगारला नाही. ज्याच्याकडे सांगायला काही नसेल, त्याचं नाव ते त्या दिवशीच्या प्रार्थनेत घेत नसत, एवढंच. आई, बहीण, नगरची मंडळी, जगातले अनाथ, तुरुंगातले कैदी, सगळ्यांची नावं व्हायची. मी गुडघे टेकून वाट बघायची. आमेन व्हायचं.

असे सलग चार शनिवार गेले.

आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब राहत होतं. तंजावरच्या राजांच्या काळापासून इथलंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. माझ्या बोलण्याला ती फिदीफिदी हसायची.

“तुम्ही तिकडचे सारे भांडल्यासारखं कां बोलतां गे?”

“आणि तू जुन्या पोथीतून बोलतेस.”

“पोथीतून तर पोथीतून. पोथीला कोणी रागे भरत नाही.”

आमच्या घरी मराठी होती ती प्रार्थनेची आणि दटावण्याची. तिच्या घरी मराठीत पत्त्यांवरून भांडणं व्हायची, सांबारात मीठ कमी पडायचं, बँकेत अधिकारी असलेले तिचे वडील पेपर मांडीवर ठेवून आम्हाला कोडी घालायचे. त्या घरात मी कुणाची साक्ष नव्हते. मला ते घर हवं होतं. जगात दुसरं काही मला इतकं हवं नव्हतं.

आणि पाचव्या शनिवारी मी तेच विकलं. म्हणाले, “शेजारच्या मुलीने माझ्याबरोबर प्रार्थना केली. डोळे मिटले. प्रभूला हृदयात ये म्हणाली.”

आईचा हात तोंडावर गेला. पप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी त्यांनी माझं नाव तीनदा घेतलं.

महिन्याच्या प्रार्थनापत्रात ते आलंच. हे पत्र नगरच्या मंडळीसाठी असे. पप्पा ते मराठीत लिहून इथल्या झेरॉक्सच्या दुकानात काढून घेत. ‘आमच्या मोठ्या मुलीच्या साक्षीने शेजारच्या मराठी बँक अधिकाऱ्यांच्या मुलीने गुप्तपणे प्रभूचा स्वीकार केला आहे. घरच्यांना ठाऊक नाही. तिच्या धैर्यासाठी प्रार्थना करा.’ मी ते वाचलं. पप्पांना म्हटलं, “कुणी वाचलं तर?” ते म्हणाले, “इथे कोण वाचणार? ती माणसं मराठी बोलतात, वाचत नाहीत. वाण्याची यादीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात.” इथे आल्यापासून मराठी ही आमच्या घराची बंद खोली होती. तिला खिडकी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

झेरॉक्सवाल्याकडून फिकट आलेली पानं आई टाकत नसे. त्यांची पुस्तकांना कव्हरं होत, त्यांवर तांदूळ निवडले जात. नाताळात तिने करंज्या केल्या, ताटात त्यातलाच एक कागद घातला, वर करंज्या रचल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. मीच ते शेजारी नेऊन दिलं. मीच.

शेजारच्या मुलीच्या वडिलांची नोकरीतली चार वर्षं उत्तरेत गेली होती. तिथे हिंदीच्या परीक्षा देऊन ते देवनागरी शिकले होते. करंज्या संपल्यावर तुपाने पारदर्शक झालेला कागद त्यांनी उचलला. कोडी आवडणारा माणूस. अक्षर लावत लावत त्यांनी मोठ्याने वाचलं असणार.

आमच्या भिंतीतून आधी तिच्या आईचा आवाज आला, मग चापट, मग तिचा आवाज: “मी कधी डोळे मिटले? मी कधी?” मग पुन्हा चापट. तिला खरं बोलून मार बसत होता. मला खोटं बोलून प्रार्थना मिळाली होती.

मी पप्पांसमोर उभी राहिले. “मी खोटं बोलले. तिने काही केलं नाही. तुम्ही चला आणि त्यांना सांगा.”

“पत्र गेलंय,” ते म्हणाले. “दोनशे घरं तिच्यासाठी प्रार्थना करतायत. ती प्रार्थना वाया जाईल असं वाटतं तुला?”

“पण ते झालंच नाही.”

“मग ते अजून व्हायचं आहे. विश्वास म्हणजे दुसरं काय असतं?”

आई भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

मी एकटी गेले. तिच्या वडिलांनी जाळीचा दरवाजा उघडला नाही. आतूनच शांतपणे म्हणाले, “तुजवर विश्वास कसा ठेवावा, बाळे? लिहून आण. वडिलांची सही घेऊन ये. मग हिला येथे ठेवूं. नाहीतर तिरुप्पनंदाळला, आत्याकडे.”

मी वहीचं पान फाडून लिहिलं. ‘मी खोटं बोलले. तिने कधीही प्रार्थना केली नाही.’ एकदा मराठीत, एकदा तमिळमध्ये. पप्पांनी ते वाचलं, घडी केली आणि मला परत दिलं. “प्रभूच्या कामाविरुद्ध मी सही करू?” मी आईकडे गेले. ती म्हणाली, “तुझ्या पप्पांनी केली नाही ना? मग मला कशाला विचारतेस?” तीन दिवस तो कागद मी दप्तरात घेऊन हिंडले. शेजारचं दार बंदच राहिलं.

शनिवारी सकाळी मी बसस्टँडवर धावत गेले. ती तिरुप्पनंदाळच्या बसमध्ये खिडकीशी बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा, पलीकडे तिचे वडील. गालावर वळ नव्हता, पण डोळे सुजलेले होते. मी कागद खिडकीपाशी वर धरला. “सही नाही, पण हे खरं आहे. घे ना गं. सगळ्यांना दाखव.”

मी नियम मोडला. मी तिच्या हाताकडे बघितलं. तो हात डब्याखाली गेला.

“वेण्डाम,” ती म्हणाली. तमिळमध्ये. समोरच्या सीटकडे बघत.

माझ्याशी ती कधी तमिळ बोलली नव्हती. बस निघाली.

संध्याकाळी साक्ष झाली. बहिणीने फुलवालीचं सांगितलं. मग माझी पाळी आली. मी म्हणाले, “बसस्टँडवर एका मुलीला कागद दिला. तिने घेतला नाही.”

“कुठला कागद?” कुणीही विचारलं नाही. पप्पांना ठाऊक होतं. आईलाही. जानेवारीच्या पत्राचा मजकूर टेबलावर तयार होता: ‘शेजारच्या मुलीचा विश्वासासाठी छळ सुरू झाला आहे.’

“नाकारलं जाणं हीसुद्धा सेवाच,” पप्पा म्हणाले. सगळ्यांनी गुडघे टेकले आणि त्यांनी माझं नाव पहिलं घेतलं.