गाडी किती वर्षं ठेवायची

आमच्या पिकअपचा टर्बो गेला त्याच आठवड्यात ठाण्याच्या डॉक्टरांनी मला आणि माझ्या धाकट्या दिराला आत बोलावलं आणि नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. पोटातली गाठ आता कापण्यासारखी राहिलेली नाही, घरी न्या, दुखणार नाही एवढं आम्ही बघू, असं त्यांनी सांगितलं. दिरानं विचारलं, किती दिवस? डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, "दिवाळीचं काही धरून चालू नका."

बाहेर पडण्याआधी दिरानं माझा दंड धरला. "वहिनी, दादाला यातला एक शब्द सांगाचा न्हाय. तो हाय खाईल."

आमच्याकडे हे असंच चालतं. ज्याचा आजार त्याला सोडून अख्ख्या गावाला आजार माहीत असतो. आजारी माणसाला सांगायचं, सूज आहे, औषधानं उतरेल. मी मान डोलावली. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. शिवाय बाकावर बसलेल्या माणसानं मला पाहिल्या पाहिल्या विचारलं काय, तर, "गॅरेजवाल्याचा फोन आलता काय?"

भिवंडीजवळ पूर्णे गावात आमची भातशेती होती. आता तिथं गोदामं आहेत, आणि आमच्या खळ्याच्या जागी एका गोदामाची मागची भिंत आहे. जमिनीच्या पैशात घर झालं, दोन लग्नं झाली आणि ही पिकअप आली. नवरा पॉवरलूमच्या गल्ल्यांतून कापडाच्या गाठी उचलायचा आणि गोदामांत टाकायचा. दुसऱ्याच्या हातात त्यांनी गाडी कधी दिली नाही. सख्ख्या भावालाही नाही.

टर्बो गेला त्या दिवशी भरल्या गाडीनं मानकोलीचा पूल चढताना इंजिनातून शिट्टी वाजायला लागली आणि मागून निळा धूर निघाला. टर्बो म्हणजे इंजिनाला जादा हवा फुंकणारा पंखा. तो गेला की गाडी लगेच बंद पडत नाही, पण भार घेऊन चढण चढत नाही. मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या खात त्यांनी गाठी पोचवल्या, गाडी रांगत रांगत घरी आणली आणि शेवग्याखाली लावली. त्यानंतर ते स्टिअरिंगवर बसले नाहीत. पोटात दुखतंय म्हणून आडवे झाले ते झालेच.

आणि मग पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी टर्बो निवडायला घेतला.

मला आधी हसू आलं, मग राग आला. दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ. कुठला तरी पोरगा टोपी उलटी घालून ओरडतोय की हा मोठा टर्बो किट बसवा, गाडी उडेल. "कुठं उडवाची हाय?" मी स्वयंपाकघरातून ओरडायची. "आवाज कमी करा त्याचा." ते कमी करायचे आणि मला हाक मारायचे. मी पोळ्या लाटता लाटता उठून जायची, तर विचारायचे, "तुना काय वाटतं? नवा घेवा का रिकंडिशन?"

"मना काय विचारता? मी डालीला फोडनी देते, टर्बोला न्हाय."

"बस इथं. सांगतो."

असं करत करत त्यांनी मला सगळं सांगितलं. एक, कंपनीचा नवा, जेवढा आहे तेवढ्याच मापाचा. दुसरा, जुनाच खोलून आतलं फिरतं काम बदललेला. तिसरा, तो टोपीवाल्या पोराचा मोठा किट. मोठा आपल्या कामाचा नाही, तो उशिरा जोर धरतो, आणि भिवंडीच्या रस्त्यावर गाडीला जोर लागतो तो जागच्या जागी, असं त्यांचं म्हणणं. टर्बो कुठलाही घे, पण एकटा घेऊ नको, तेलाची नळी आणि सांध्यात बसणारं गॅस्केट नवीन घे, कारण जुन्या नळीतली घाण नव्या टर्बोला खाते. दुकानात बोटानं पंख्याचा दांडा हलवून बघ, हलला नाही पाहिजे. ते सांगायचे आणि मग मला उलट विचारायचे. चुकलं की शाळामास्तरासारखे "परत बोल" म्हणायचे.

मला वाटायचं, जीव रमतोय तर रमू दे. रात्री औषध दिल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायची आणि सकाळी पुन्हा तेलाच्या नळीवर बोलायची. दुसरं काही बोलताच येत नव्हतं. आमच्या पोरीचं लग्न अजून व्हायचं होतं, तो विषय निघाला की मी उठून स्वयंपाकघरात जायची. सासूबाई म्हणाल्या म्हणून आम्ही त्यांना भाड्याच्या गाडीनं अकलोलीच्या गरम कुंडावर नेलं. पाण्यात पाय सोडून बसले, वर आले, आणि परतीच्या वाटेवर पुढच्या टेम्पोचा आवाज ऐकून म्हणाले, "शिट्टी वाजतेय, याचा पन जानार." गाडीत सगळे हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दिराला हा खर्चच मान्य नव्हता. एकदा स्वयंपाकघरात येऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, नवा कशाला? जुनाच खोलून बसवू. नंतर इकाचीच हाय ना."

"नंतर म्हनजे कवा?" मी विचारलं. हातात उलथनं होतं, ते त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

तो वाईट माणूस नाही. भावाच्या पायाशी बसून तासन् तास पाय चेपायचा. पण त्याच्या हिशेबात भाऊ गेलेला होता आणि माझ्या हिशेबात तो अजून पलीकडच्या खोलीत खोकत होता. मी त्याला म्हटलं, ज्याची गाडी आहे तो ठरवील.

मग एके दिवशी नवऱ्यानं मला भिवंडीत पाठवलं. ब्रेकपासून बेअरिंगपर्यंत वर्षानुवर्षं ते एकाच दुकानातून घ्यायचे. दुकान एका म्हाताऱ्या कोकणी मुसलमानाचं. त्यांच्या वडिलांचे लूम होते, ते भंगारात गेल्यावर यांनी स्पेअर पार्टचं दुकान घातलं. सगळे ड्रायव्हर त्यांना चाचा म्हणतात. "चाचाकडंच जा," नवरा म्हणाला. "दुसरीकडं फसवतील तुना."

चाचांनी खुर्ची दिली. दोन खोके काउंटरवर ठेवले, एक नवा, एक खोलून केलेला. मी बोट घालून दांडा हलवून बघितला. तेलाची नळी सोबत आहे का विचारलं.

"कोनी शिकवलं, भाभी?"

"घरच्यांनी."

त्यांनी मान हलवली आणि थोडा वेळ खोक्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यात चांगला-वाईट असं काय नसतं. एकच सवाल असतो. गाडी किती वर्षं ठेवायची? साल-दोन साल रखनी है तो हा खोललेला बस होईल. जास्त ठेवायची असंल तर नवा."

रोज दहा गिऱ्हाइकांना विचारायचा प्रश्न असेल तो. मी तोंड उघडलं आणि रडूच आलं. ग्रीस लागलेल्या त्या काउंटरवर डोकं टेकून मी रडले, आणि जे सख्ख्या बहिणीलाही नीट सांगितलं नव्हतं ते त्या माणसाला सांगितलं. ते राहणार नाहीत, डॉक्टर असं असं म्हणाले, त्यांना काहीच माहीत नाही, ते रोज टर्बो निवडतायत. चाचांनी पाणी दिलं. दुकानात शिरणाऱ्या दोघांना हातानंच बाहेर थांबवलं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "ते फोन करतील तुमाला. त्यांना कलू देऊ नका. तुमाला शप्पथ हाय."

"नाही कळणार," चाचा म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "काय बोलला चाचा?"

"नवाच घ्या बोलला. गाडी लई वर्सं चालवाची असंल तर."

"मंग नवाच घेवा," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

टर्बो आमच्या दारातच बसवला. नवऱ्याची खाट ओट्यावर आणली होती. पाय काडीसारखे झालेले, पण मिस्त्रीवर आवाज चढवायला कमी नाही. आधी टर्बोत तेल ओत, मग नळी जोड, कोरडा फिरवू नको. मिस्त्री म्हणाला, दादा, मला शिकवता काय? "तुला न्हाय," ते म्हणाले, "हिला." मग मला सीटवर बसवलं आणि चावी फिरवायला लावली. इंजिन चालू झालं, शिट्टी नाही, धूर नाही. मी आनंदानं लगेच बंद करायला गेले तर ओरडले. "लगेच बंद करू नको. मिनिटभर तसाच चालू दे, टर्बो थंड होऊ दे, मंग बंद कर. चालवनारा कोनी पन असो, तुना ठाऊक पायजे."

"दुसरा कोन चालवनार? तुमीच चालवनार," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही हसून बघितलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, देवीची कृपा, पोटाची सूज उतरू दे आता. इंजिन तसंच चालू होतं.

गणपती बसायच्या आधी ते गेले. शेवटच्या दिवसांत बोलणं नव्हतंच, नुसतं कण्हणं.

गाडी विकायची दिरानं दोनदा गोष्ट काढली. मी नाही म्हटलं. आता एक ड्रायव्हर ठेवला आहे, गाठींचंच काम करतो. मला फसवायला बघतो, पण त्याला जमत नाही, कारण खोलून ठेवलेला पार्ट मी बोट घालून बघते. लूमच्या गल्लीतल्या कापसाच्या फुसानं, उडणाऱ्या बारीक तंतूंनी, हवेचा फिल्टर सारखा भरतो. नवा फिल्टर घ्यायला मी एकदा चाचांकडे गेले, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

चाचांनी टर्बोची चौकशी केली. चांगला चाललाय, मी म्हटलं. फिल्टर काढून त्यांनी काउंटरवर ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले.

"भाभी, एक बात दिल पे हाय. आता सांगितली तर चालंल. ज्याला जबान दिली तो गेला."

मला वाटलं, काही उधारी असेल.

"तुम्ही टर्बो बघायला आलात ना, त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आलता. बोलले, उद्या बायको येईल. तिला नवाच दे, गाडी तिला ठेवायची हाय. मी बोललो, और तुम? तर बोलले, चाचा, माझा भाऊ दिवसाआड पापलेट आणतोय. ज्यानं जन्मात मला बोंबील खिलवला न्हाय. मी काय येडा हाय काय?"

मी खुर्चीत बसले.

"फिर बोलले, तिला सांगू नको. तिला वाटतं मी बरा होनार. तिला तेवढंच वाटू दे. कसम घातली. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन तीच कसम घातली. मी काय करायचं होतं, भाभी?"

"सांगाचं होतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला. रस्त्यावरचे लोक बघायला लागले. "तुमी सांगाचं होतं. त्याच दिवशी. मी इथंच बसले होते."

चाचांना दोष देण्यात अर्थ नव्हता हे मलाही कळत होतं. एका खोलीत, एका पंख्याखाली आम्ही दोघं नवराबायको महिनोन्महिने गॅस्केटवर बोलत होतो. मला त्यांना विचारायचं होतं, भीती वाटते काय? पोरीचं कसं करायचं? मी एकटी कशी राहू? ते सगळं विचारता आलं असतं. उत्तरं नसती मिळाली तरी चाललं असतं.

मग मी विचारलं, "ते फोनवर रडले काय?"

चाचा फिल्टर कागदात गुंडाळत होते. "हां," ते म्हणाले. "बहुत."

माझ्यासमोर ते एकदाही रडले नाहीत. मी पण त्यांच्यासमोर नाही.