सत्कारात वाळलेलं झाड

अप्पांच्या खांद्यावर शाल पडली आणि पडद्यावरचं झाड वाळलं. एक पान उरलं नाही.

लातूरच्या एका कॉलेजमधली ही रंगीत तालीम. अप्पा संस्थेचे अध्यक्ष. दुसऱ्या दिवशी नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि इव्हेंटचं काम नांदेडला माझ्याकडे आलं होतं. झाड कंधारच्या नफीसाचं. ती डिजिटल कलाकार. तिचं हे पहिलं मोठं काम. प्रेक्षकांनी आपल्या फोनवर एक वेबपेज उघडायचं. फोन किती कलतो, हलतो हे त्यातला सेन्सर ओळखतो. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं, ती याचीच करामत. ही हालचाल नेटवरून आमच्या लॅपटॉपवर येते. एक फोन म्हणजे एक फांदी. फोन हलले की पालवी फुटते.

तालमीला स्टाफ बसवला होता. झाड झकास डोलत होतं. तेवढ्यात अप्पा ‘सहज’ बघायला आले. आपल्याकडे सहज आलेल्याचाही सत्कार होतो. प्राचार्यांच्या कपाटात शाली कायम तयार असतात.

“मॅडम, हे काय हाय? आमचा सत्कार सुरू झाला अन् झाड वाळलं?”

“टेक्निकल इश्यू आहे, अप्पा.”

“इश्यू न्हाई, अपशकुन हाय. काढा ते. तिथं फ्लेक्स लावू. फ्लेक्स वाळत न्हाई.”

फ्लेक्सवर फोटो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली.

“ताई, नेट ठीक आहे, सर्व्हर ठीक आहे,” नफीसा रडवेली झाली होती. “सगळे फोन एकदमच गेले.”

गेले कुठे, ते मी पाहिलं होतं. शाल पडताच अख्ख्या स्टाफनं कॅमेरा उघडला होता. अध्यक्षांचा फोटो ग्रुपवर आधी कोण टाकतो, यावर इथं बरंच काही ठरतं. पण कॅमेरा उघडला की वेबपेज मागं जातं आणि सेन्सरची माहिती थांबते.

“सत्काराच्या वेळी फोटो काढू नका, अशी अनाउन्समेंट करू?”

“कर. शालही घालू नका म्हणावं. म्हणजे आपण दोघी लगेच घरी.”

तिनं लॅपटॉप पुढं ओढला. मग म्हणाली, “मग कॅमेराच पेजमध्ये घेते की. फोटो तिथूनच काढतील, पेज मागं जाणारच नाही.”

संध्याकाळी टेस्टिंगसाठी अप्पांना पुन्हा शाल घातली. त्यांनी हरकत घेतली नाही. झाड हिरवंच राहिलं.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांचा सत्कार झाला, तेव्हा झाड बऱ्यापैकी फुललं. मग अप्पांची पाळी. प्राध्यापक, ठेकेदार, नातेवाईक सगळे फोन उंचावून स्टेजकडे धावले. ढकलाढकलीत झाड असं बहरलं, की पडदा पुरेना.

अप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. “मॅडम, राहू द्या हे झाड. कायमचं. लोकांचं प्रेम हाय.”

“हाव अप्पा,” मी म्हणाले. नफीसाचं काम भिंतीवर कायम झालं होतं; आता खुलासे कशाला?

लोकसहभागाची कला करायची असेल, तर लोक आधीपासून कशात सहभागी आहेत ते बघून घ्यावं. बाकी, सेन्सरला प्रेम कळत नाही. धक्काबुक्की कळते.