ढिगावरची पऱ्हाटी

माझे सासरे बापूजी यांना संशय घ्यायला कारण लागत नाही. आर्णीहून आणलेली साखरही ते आधी हातावर तोलून पाहतात, मग डब्यात ओतू देतात.

यंदा त्यांचा डोळा कापसाच्या खोलीवर होता. सकाळी उंच असलेला ढीग संध्याकाळी मधोमध दबलेला दिसायचा. बापूजींनी गुपचूप ढिगाच्या टोकावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, वाळकी काडी खोचली. दुसऱ्या दिवशी काडी खाली पडलेली!

"घरातलाच हात हाय," ते वावरात बांधावर जेवताना म्हणाले. "दुपारी आपण समदे वावरात. घरी तुहा नवरा नयनच असते. अन् तुहा भाऊ बी आलता ना केळापूरहून गाडी घेऊन?"

माझं डोकंच फिरलं. भावावर आळ! पण खरं सांगते, नवऱ्याचा संशय मलाही येत होता. जिनिंग मिलमध्ये रात्रपाळी करून नयन दुपारी आमच्या लहानग्या पियुषला सांभाळायला घरी थांबायचा, आणि घरी बदललेल्या सदऱ्याच्या कॉलरमध्येही कापूस अडकलेला असायचा. विचारलं की म्हणायचा, "काही नाही." सांभाळतो म्हणे! बापूजींसमोर त्यानं पोराला कधी कडेवरसुद्धा घेतलं नव्हतं. बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही, ही या घरची रीत. बापूजींनीही नयनला कधी उचललं नाही, कारण त्यांचे वडील कायम ओसरीवरच बसलेले असायचे.

"चोरी निघाली त नयननं येगळं निघावं," बापूजींनी सांगून टाकलं. मी म्हटलं, "चला, आत्ताच पाहू."

आम्ही वावरातून भरदुपारी परतलो. एरवी बापूजी खाकरल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत. त्या दिवशी चपला बाहेर काढून, खोकला दाबून आले आणि खोलीचं दार ढकललं.

ढिगावर पियुष एकटाच बसला होता. नयनचा पत्ता नाही.

"पाह्य! लेकराले टाकून पळाला!"

"आबा, बाबा हरपले," पियुष म्हणाला. "शोधा ना." त्यानं आजोबांचं बोट ओढून हात कापसात खुपसला.

हाताला केस लागले. कापूस हलला आणि नयनचं तोंड वर आलं. बापाला पाहताच तो घाबरला.

"खेळत नव्हतो, बापूजी. कापूस हालवून राह्यलो होतो."

चोरी पकडल्यावर बोलावं तसा तो बोलला. बाप झालेला माणूस! मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

बापूजींनी त्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही. तो हात तिथं मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी दुसऱ्या हातानं ती काडी उचलली आणि दाराबाहेर फेकली.

"लबाड बोलू नको," ते म्हणाले. "लप परत. आता मी शोधतो."