वहिनींचं वाळवंट

ऊन कमी पडतं म्हणून हवामानखात्यावर मनापासून चिडणारी बाई अख्ख्या जर्मनीत एकच असेल, ती म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. बॉनच्या एका संस्थेत त्या वाळवंटी वनस्पतींवर संशोधन करायच्या. प्रकल्प गुंडाळला गेला, कंत्राट संपलं, आणि कचऱ्यात निघालेली बियांची एक पुडी तेवढी पर्समध्ये घालून त्या घरी आल्या. नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. पसरट कुंडीत वाळू भरली, बी पेरलं आणि बाल्कनीत समोर खुर्ची टाकून बसल्या.

ते वाळवंटातलं पिवळं रानफूल. चार थेंब पडले की घाईघाईने उगवायचं, फुलायचं आणि बी टाकून वाळून जायचं. त्याला जास्त पाणी सोसत नाही आणि बॉनचा पाऊस थांबत नाही, म्हणून वहिनी स्वतः भिजत कुंडीवर छत्री धरायच्या. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरने कारण विचारलं, तर गंभीरपणे म्हणाल्या, "त्याला सर्दी होते." तेव्हापासून आभाळ भरून आलं की तो खालून ओरडायचा, "फ्राउ डॉक्टर, छत्री!" त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे आमच्या भाऊजींच्या, टेबलावरचा दिवाही ऊब द्यायला कुंडीपाशी गेला. वहिनी त्यांना म्हणाल्या, "अहो, तुम्हाला वाचायला खिडकी आहे की!"

मग कधी नव्हे असा उन्हाळा पडला. इकडे आमच्या गावी, झिंडेलफिंगेनला, आम्ही डोक्यावर ओले टॉवेल घेऊन पंख्यासाठी दुकानं पालथी घालत होतो, आणि वहिनींचा फोन, "काय सुंदर हवा आहे ना गं! सात कळ्या आल्यात, या."

आम्ही दोघं पोचलो तेव्हा दुपार झाली होती. फुलं मिटलेली. "आता झोपलीत," वहिनी कुजबुजल्या, आणि आम्हाला बाल्कनीत चपला वाजवू दिल्या नाहीत. मुक्काम करावाच लागला.

सकाळी आम्ही चौघं चहाचे कप घेऊन बसलो. ऊन कठड्यावरून सरकत कुंडीपर्यंत आलं, आणि एकेक पाकळी हळूच सुटत गेली. इतकं पिवळं, की पांढऱ्या भिंतीवरही त्याची झाक आली. कुठून तरी एक मधमाशी आली.

"तिकडे वाळवंटात हे बघायला कुणीसुद्धा नसतं," वहिनी म्हणाल्या. थोड्या वेळाने, फुलांकडेच बघत, "मला माझी लॅब फार आठवते गं."

वर्षभरात पहिल्यांदाच त्या हे बोलल्या होत्या. भाऊजींनी त्यांच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला. वहिनी तशाच खुर्चीत, मान कलती करून, कितीतरी दिवसांची झोप राहिल्यासारख्या गाढ झोपी गेल्या. दुपारी फुलं मिटली, तरी त्यांना उठवायला आमच्यापैकी कुणीच धजावलं नाही.