हापशातल्या गांधीलमाश्या

औसा तालुक्यातल्या त्या वस्तीवर गांधीलमाश्यांचं पोळं काढायचं म्हटलं की लोक सरजाबाईकडं यायचे. पोळं कुणाच्या वळचणीला असायचं, कुणाच्या लिंबात. ती तांबडं फुटायच्या आत जायची, कारण गारव्यात माश्या जड असतात. अंगभर लुगडं, तोंडाला फडकं आणि हातात साबणाच्या पाण्याचा तांब्या.

मागच्या पावसाळ्यात एक माशी तिच्या मानेला चावली. तशा आजवर पन्नासेक चावल्या असतील, पण या वेळी घसा आवळला, आवाज बंद झाला आणि बैलगाडीत ती निपचित पडली. औशाच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं अन् बजावलं, "पुन्हा चावली तर इथवर पोचणार नाहीस, बाई."

तेव्हापासून तिनं ते काम सोडलं.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यानं वस्तीला एक हापसा दिला होता. त्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि चाळीस घरं त्याच्यावर आली. माश्यांनाही तहान होतीच. ओट्याच्या ओलीवर त्या आल्या आणि हापशाच्या डोक्यात, दांडा आत शिरतो त्या फटीमागं, त्यांनी पोळं धरलं. दांडा हलला की पोळं हलायचं. दोन दिवसांत सात बायांचे चेहरे सुजले. तिसऱ्या दिवशी कुणी दांड्याला हात लावेना. हापशाचा मिस्त्री आठ दिवसांनी येणार होता.

संध्याकाळी शेजारचा व्यंकटी रॉकेलचा डबा घेऊन हापशाकडं निघाला. सरजाबाई त्याला आडवी झाली.

"व्यंकटी, ते सळईवरून खाली बोअरमधी उतरंल. मग महिनाभर रॉकेल पितुस का?"

"मग काय करावं काकू? तुम्ही तर घरात बसून राहिल्या."

घरात दीड घागर पाणी आणि दोन तहानलेल्या नाती होत्या.

"मी जाते उद्या," ती म्हणाली.

"तुमी न्हाई," मागून सून चांगुणा बोलली. "तुमी लांबून सांगा. मेलात तर रडायलाबी पानी न्हाई घरात."

सकाळी उजाडायच्या आधी चांगुणा हापशाजवळ उभी राहिली. तिच्या तांब्यात घरातल्या शेवटच्या घागरीतलं पाणी होतं, साबण कालवलेलं. सरजाबाई तीस पावलांवर बसली.

"हळू. फटीत धार सोड. एकदम वतू नको."

धार आत गेली. आतून घुंई उठली. बऱ्याच माश्या भिजून गळाल्या, पण दोन सुटल्या आणि एक चांगुणाच्या मनगटावर बसली.

"मारू नको. चिरडली की तिच्या वासानं बाकीच्या येतात. हात हलवू नको."

माशी चावली. मग दुसरी, कानामागं. चांगुणा दात आवळून तांब्या रिकामा होईपर्यंत उभी राहिली आणि मगच हळूहळू मागं सरली.

मनगट फुगलं होतं. सरजाबाईनं तिला धरून बसवलं. पण तिची नजर मनगटावर नव्हती, सुनेच्या गळ्यावर होती. शुद्ध हरपायच्या आधी तिचा स्वतःचा आवाज गेला होता.

"बोल."

"काय बोलू?"

"कायबी. बोलत ऱ्हा. शिव्या दे मला."

"आज सवड घावली," चांगुणा म्हणाली आणि सुरू झाली. लग्नात सासूनं दिलेलं विटकं लुगडं, पहिल्या दिवाळीला माहेरी न धाडणं, भाकरी जाड झाली म्हणून वस्तीभर केलेला बोभाटा. सरजाबाई एकेक शब्द तपासत होती. जरा आवाज घोगरा वाटला की ती तिच्या गळ्याला हात लावून बघायची.

"व्यंकटी, गाडी जुपून ठिव," ती ओरडली. औसा तीन कोस होतं.

पलीकडं दोघांनी फडकी गुंडाळून दांडा मारायला सुरुवात केली. आधी फेस आला, मग मेलेल्या माश्या, मग गढूळ पाणी. बायांनी घागरी पुढं सारल्या. सरजाबाईनं तिकडं पाहिलंही नाही.

"दम लागायलाय का गं?"

"बोलून बोलून लागला. पानी तरी आना."

"आनते. आधी बोल. त्या लुगड्याचं अर्धंच सांगितलंस."