शीड कोंडून ठेवणारी म्वानातुमू

आमच्या लामू बेटावरच्या गल्ल्या इतक्या अरुंद की शेजारच्यांचं भांडण ऐकायला कान लावावा लागत नाही. मी तर अथमान नाखव्याच्या दारासमोरच्याच ओट्यावर बसतो. यात माझा काय दोष?

अथमान पाहुण्यांना शिडाच्या होडीतून बेटं दाखवतो. गाद्या, उशा, डोक्यावर सावली, निखाऱ्यावरचा मासा आणि नारळाचा भात. तो नारळ लग्न झाल्यापासून खवत आली त्याची बायको म्वानातुमू. त्या होडीत मात्र तिनं कधी पाय ठेवला नव्हता. दर वर्षी नाखवा म्हणायचा, समुद्र निवळला की तुला नेतो. समुद्र निवळायचा आणि पाहुणे यायचे.

यंदा तिनं विचारलंच नाही, सरळ ठरवलं. भरतीबरोबर मांडाच्या खाडीतून निघायचं, वाटेत वाळूवर जेवायचं, पाटे बेटावर मुक्काम करायचा आणि मग त्याच बेटाच्या पलीकडच्या टोकाचं किझिंगितिनी, तिचं माहेर. मोटारबोटीनं नाही, शिडानं. गादीवर ती बसणार, खवणीवर नाखवा. हा बेत तिनं गल्लीतल्या चार बायकांच्या कानात सांगितला, म्हणजे मला कळलाच.

अथमाननं तोच आठवडा नैरोबीच्या एका कुटुंबाला देऊन टाकला आणि जेवता जेवता म्हणाला, आपण पुढच्या चंद्राला जाऊ. म्वानातुमू गप्प बसली. मी तिला ओळखतो. मी ओटा सोडून जरा लांब सरकलो.

वादळी वाऱ्याच्या दिवसांत आमच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि शिडं घरी येतात. समुद्र नुकताच निवळला होता, अथमानचं शीड अजून माडीवरच्या खोलीतच होतं. तिनं खोलीला कुलूप घातलं आणि चावी अंगाभोवती गुंडाळलेल्या लेसोच्या पदराला गाठ मारून बांधली.

"शीड माझं आहे!" अथमान गल्लीतून गरजला.

"असेल ना," ती खिडकीतून म्हणाली. "पण घर माझ्या बापानं मला लग्नात दिलंय. तुमचं शीड इथे पाहुणं आहे, आणि मी पाहुण्यांना अशी लवकर जाऊ देत नाही. तुमच्याकडूनच शिकले."

नाखवा रागानं लाल झाला आणि जाऊन कोम्बो नावाच्या दुसऱ्या नाखव्याचं शीड मागून आणलं. कोम्बोची होडी याच्या दीडपट. अंगरखा अंगाच्या मापाचा तसं शीड होडीच्या मापाचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण रागावलेल्या माणसाला कोण सांगणार? सगळा किनारा बघत होता. शिडाचा घोळ पाण्यात लोळला, होडी खुडूक कोंबडीसारखी जागच्या जागी फिरली आणि धक्क्यावर आदळली.

"नाखवा, थोरल्या भावाची विजार घातलीस की काय?" कोणीतरी विचारलं. कोणीतरी म्हणजे मीच.

पाहुणे उतरले आणि शेजारच्या मोटारबोटीत जाऊन बसले. अथमान घराखाली येऊन उभा राहिला. मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.

"चावी टाक."

"निघायचं कधी?"

"उद्याच्या भरतीला," तो दातओठ खात म्हणाला.

मला बोलावणं नव्हतं, तरी मी होडीत चढलोच. म्वानातुमू गादीवर, पाठ नवऱ्याकडे. वाळूवर नाखव्यानं नारळ खवला, बोटं सोलून घेतली, भात करपवला. तिनं तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि चांगला झालाय असं एकदाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी किझिंगितिनीची घरं दिसायला लागली. ती म्हणाली, "पाहुण्यांना इथे काय सांगता, ते सांगा."

नाखवा सुकाणूवर होता. जीभ सवयीनं सुटली. "हे माझ्या बायकोचं गाव. बिचारी समुद्राला फार घाबरते, नाहीतर आणली असती..."

पुढचं त्यानं गिळलं, पण व्हायचं ते झालं होतं. मी पाण्याकडे बघायला लागलो.

म्वानातुमू उठली. याच पाण्यात बापाच्या होडीत वाढलेली ती. डुलत्या फळीवरून अंगणात चालावं तशी मागे गेली.

"इतकी वर्षं हे सांगत होतात?"

नाखव्यानं नजर शिडाला लावली.

"उठा."

होडीत नाखव्याला ऊठ म्हणणारा माणूस आमच्या किनाऱ्यावर जन्मलेला नाही. अथमान उठला. तिनं सुकाणू धरलं, खडकांना वळसा घातला आणि होडी थेट बापाच्या दारासमोरच्या वाळूला लावली. भावजया पाण्यात धावत आल्या. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "गाद्या आवरून ठेवा. परत जातानाही मीच नेणार आहे."

तिचा राग अजून उतरलेला नाही. शीड आता रोज संध्याकाळी तिच्या माडीवर येतं, आणि सकाळी पाहुण्यांना काय काय सांगणार ते नाखव्याला आधी खिडकीखाली म्हणून दाखवावं लागतं. मी ऐकतो. चुकला तर मीही सांगतो.